गोवळकोट ते दाभोळ: स्वतःच्या बोटीने वाशिष्ठीतून समुद्रापर्यंत

चिपळूणजवळच्या गोवळकोट धक्क्यापासून दाभोळला खाडीच्या मुखापर्यंत वाशिष्ठीचं सुमारे ४५ किलोमीटर पाणी आहे. २०१६च्या कायद्याने ते राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ ठरलं. तरी बोयांनी, म्हणजे तरंगत्या खुणांनी, आखलेला, दिव्यांनी उजळलेला मार्ग मिळेल अशी अपेक्षा ठेवून निघू नका. एकेकाळी गोवळकोटपर्यंत मालाची गलबतं चढत, तीही भरतीची वाट बघूनच. आज इंजिन आहे, पण पाण्याचं वेळापत्रक तेच आहे.

हा लेख १६ ते १८ फुटी फायबर बोट, १५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं) इंजिन आणि तिघंजण असा बेत धरून लिहिला आहे. तलावात किंवा शांत खाडीत बोट हाताळलेली असावी. ती सवय नसेल तर आधी खाडीतच पाच-सहा वेळा, वाऱ्यात आणि पाण्याच्या ओढीत, धक्क्याला बोट लावायचा सराव करा.

मुखापासून मागे मोजा

नवखे लोक निघायची वेळ आधी ठरवतात आणि मुखावर जेव्हा पोचतील तेव्हा पोचतात. गणित उलटं करायला हवं. मुखावरचा वाळूचा दांडा ओलांडायची सुरक्षित वेळ एकच: भरती पुरी होत आलेली, पाणी थबकलेलं, वर उजेड आणि वारा पडलेला. ती वेळ आधी पक्की करा आणि बाकीचा प्रवास तिच्यामागे बसवा.

इथे एक पेच आहे. खाली उतरायला ओहोटी हवी, कारण ती बोटीला पुढे नेते आणि पेट्रोल वाचवते. पण ओहोटीचं पाणी मुखातून बाहेर पडताना समोरून येणाऱ्या लाटांना भिडतं. लाटा आखूड आणि उभ्या होतात, दांड्यावर फुटतात. लहान बोटी उलटतात त्या बहुतेक अशाच वेळी. म्हणून ओहोटीवर थेट समुद्रात जायचं नाही. पहिल्या दिवशी ओहोटीवर दाभोळपर्यंत उतरायचं, तिथे मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीच्या शेवटी मुख ओलांडायचं.

तारीख निवडायला कोकणातला जुना हिशेब अजून कामाचा आहे. तिथीला तिनाने गुणून चाराने भागा, मुंबईच्या भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत हाच हिशेब. बारा तास आणि थोड्या मिनिटांनी दुसरी भरती. दाभोळला भरती मुंबईच्या आधी येते, अर्धा-पाऊण तास धरून चाला. वर गोवळकोटला मात्र ती दाभोळनंतर दीड-दोन तासांनी पोचते, कारण लाटेला खाडी चढायला वेळ लागतो.

यावरून पहिल्या सफरीसाठी दशमीला निघणं आणि एकादशीला सकाळी मुख ओलांडणं सर्वांत सोयीचं. दशमीची भरती मुंबईला साडेसात, दाभोळला सातच्या आसपास, गोवळकोटला साडेआठ-पावणेनऊ. पाणी फिरलं की नऊच्या सुमारास निघा. साडेतीन-चार तासांत, ओहोटी संपता संपता, दाभोळ गाठता येतं. एकादशीला दाभोळची भरती साडेसातच्या आगेमागे, म्हणजे हिवाळ्यातही सूर्य वर आलेला. शिवाय अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे असतात, पाण्याची ओढ कमी असते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तेच पाणी दुप्पट जोमाने धावतं, नवख्याने तेव्हा मुखाकडे फिरकू नये.

तिथीचा हिशेब बेत आखण्यापुरता. निघण्याआधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून नेमकी वेळ आणि उंची घ्या, आणि गोवळकोटच्या धक्क्याच्या खांबावर खडूने खूण करून आदल्या दिवशी पाणी केव्हा फिरतं ते डोळ्यांनी बघा. हे करायला अर्धा दिवस जातो. तो जाऊ द्या.

पाणी सगळे तास सारखं उतरत नाही. भरती-ओहोटीतला फरक २.४ मीटर असेल तर पहिल्या तासात साधारण २० सेंटीमीटर उतरतं, दुसऱ्यात ४०, तिसऱ्या आणि चौथ्यात ६०-६०, पाचव्यात ४०, सहाव्यात २०. मधल्या दोन तासांत ओढ सर्वांत जास्त आणि रुतायचा धोकाही. खाडीच्या वरच्या भागात हे प्रमाण बिघडतं: तिथे भरती पटकन चढते आणि ओहोटी रेंगाळते.

आणि वाशिष्ठीची एक खास गोष्ट. कोयना प्रकल्पाचं अवजल वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडीमार्गे याच नदीत येतं. त्यामुळे चिपळूणला उन्हाळ्यातही नदीला पाणी असतं, आणि निर्मिती वाढली की गोवळकोटजवळची ओढ तक्त्यात नसलेल्या वेळी वाढते. धक्क्यावरच्या होडीवाल्यांना या पाण्याची वेळ ठाऊक असते, त्यांना विचारा.

हंगाम, वारा, कागद

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे ते साडेनऊ-दहापर्यंत जमिनीवरून मतलई वारा असतो, समुद्र सपाट असतो. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा सुटतो आणि मुखावर फुटत्या लाटांचं पांढरं दिसायला लागतं. मार्चनंतर हा वारा लवकर आणि जोरात येतो. पावसाळ्यात विचारच नको. ऑक्टोबरमध्ये पुरात आलेले ओंडके अजून तरंगत असतात, आणि पावसाळ्याने मुखावरची वाळू नव्याने मांडलेली असते. मागच्या वर्षीची जीपीएसवरची वाट त्या वाळूवर चालत नाही.

यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे होते. अंतर्देशीय जहाजांचा २०२१चा कायदा खाडीच्या भरती-ओहोटीच्या पाण्यालाही लागू आहे. तुमची बोट कोणत्या क्षेत्रासाठी मंजूर आहे ते प्रमाणपत्रावर वाचा. नदी-खाडीपुरती मंजुरी असेल तर दाभोळला थांबा, मुखापलीकडे जाऊ नका. नोंदणी, विमा, चालकाचा परवाना आणि सगळ्यांची ओळखपत्रं जलरोधक पिशवीत ठेवा. दाभोळच्या सागरी पोलिसांना बोटीचं नाव, माणसं, फोन नंबर आणि परतीची वेळ आधी कळवा. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी बोटीची चौकशी होतेच, आणि तुम्ही वेळेत परतला नाहीत तर शोधायला कुणीतरी असतं.

बोटीत काय हवं

पेट्रोल: मध्यम गतीला हे इंजिन तासाला ३ ते ४ लिटर पितं. जायला ४ तास, म्हणजे १६ लिटर धरा. यायला तेवढंच. या ३२ लिटरवर निम्मं आणखी, म्हणजे एकूण ४८ लिटर. वाटेत खाडीकाठी पंप नाही. टाकी आणि डबे निघण्याआधी भरा, डबे उन्हात ठेवू नका आणि पूर्ण काठोकाठ भरू नका.

नांगर: खाडीच्या गाळाला आणि वाळूला रुंद पात्यांचा नांगर धरतो. चार हुकांचा घडीचा नांगर खडकात बरा, गाळात नुसता ओढला जातो. ५ मीटर साखळी आणि ४० मीटर दोर. किती दोर सोडायचा याचा हिशेब चुकतो तो नेहमी एकाच कारणाने, ओहोटीची खोली धरल्यामुळे. आत्ता ३ मीटर पाणी आहे, भरतीला आणखी २ मीटर चढणार, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यापासून अर्धा मीटर वर. एकूण साडेपाच. त्याची पाचपट, म्हणजे साधारण २८ मीटर दोर सोडा. वारा असेल तर सातपट.

प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि ते अंगावर. बसण्याखाली ठेवलेलं जॅकेट गरजेच्या वेळी हाताला लागत नाही. चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेलीच हवी. दोन वल्ही, पाणी उपसायला बादली, शिट्टी किंवा भोंगा, विजेरी, होकायंत्र, प्रथमोपचाराची पेटी, माणशी दिवसाला ४ लिटर पिण्याचं पाणी. हातातला व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा बिनतारी संच) परवान्यासह असेल तर १६ नंबरच्या चॅनलवर ठेवा. मोबाइलची रेंज खाडीच्या वळणांवर जाते. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी सुरक्षा हेल्पलाइन १०९३.

इंजिनासाठी: जादा स्पार्क प्लग, पंख्याची पिन किंवा जादा पंखा, पेट्रोल फिल्टर, पाना, पक्कड, धारदार सुरी आणि वीतभर बारीक तार. ही तार कशाला ते पुढे येईल.

खोली मोजायला यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर ४ मीटरचा बांबू घ्या आणि दर अर्ध्या मीटरला लाल रंगाचा पट्टा मारा. रुतल्यावर ढकलायलाही तोच लागतो.

पहिला दिवस: खाली उतरताना

इंजिन सुरू झालं की मागे बघा. इंजिनाच्या बाजूच्या छोट्या छिद्रातून पाण्याची पेन्सिलएवढी धार सलग पडली पाहिजे. धार म्हणजे इंजिन थंड होतंय. वाशिष्ठीत गाळ पुष्कळ, उथळ पाण्यात पंखा तळाजवळ गेला की गाळ आत ओढला जातो आणि धार बारीक होते किंवा थांबते. तसं झालं तर लगेच इंजिन बंद करा, छिद्रात तार घालून हलवा, पुन्हा सुरू करा. तरीही धार नाही आली तर आतल्या पंपाची रबरी चक्री गेली असेल. तसंच चालवत राहिलात तर काही मिनिटांत इंजिन जाम होईल. नांगर टाका आणि मदत मागा.

गोवळकोटच्या डोंगरावरचा गोविंदगड मागे टाकला की पात्र वळणं घेतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल, आतल्या बाजूला गाळाची जीभ. म्हणून वळण कापायचा मोह टाळा. मात्र बाहेरच्या काठाला अगदी चिकटूही नका, तिथे तिवरांची पडलेली झाडं असतात. पाण्याचा पृष्ठभागही सांगतो: आजूबाजूला तरंग असताना मध्येच गुळगुळीत, फिरत वर येणारा पट्टा दिसला तर खाली काहीतरी आडवं आहे. एका रेषेत बारीक तरंग उठत असतील तर तिथे उथळ.

या भागात मगरी आहेत. ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावर उन्हात पडलेल्या दिसतात. हातपाय पाण्यात सोडून बसू नका, गाळावर उतरू नका, बघायला म्हणून जवळ बोट नेऊ नका.

पुढे उत्तरेकडून, खेडकडून येणारी जगबुडी करंबवणे-बहिरवली परिसरात मिळते. संगमाला पात्र अचानक रुंद होतं आणि नवख्याला वाटतं, आता मोकळं झालं. उलट इथेच सावध राहा. दोन नद्यांचं पाणी जिथे मंदावतं तिथेच गाळ बसतो. वेग कमी करा, बांबू हातात घ्या, दीड मीटरहून कमी लागलं की थांबून मुख्य प्रवाह शोधा. वाळू काढणाऱ्यांच्या होड्या दिसल्या तर लांबून जा. हातपाटीने असो वा पंपाने, वाळू उपसलेल्या जागी खड्डे आणि शेजारी ढीग होतात, तळाची रचना महिन्यात बदलते.

जाळी हा दुसरा धोका. खुंट्यांना बांधलेली डोल किंवा बोक्षी ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून असतात, म्हणजे नेमकी तुम्ही जात असता तेव्हा. प्लास्टिकचे डबे, थर्मोकोलचे तुकडे किंवा बांबूची रांग दिसली की तिच्या दोन टोकांपैकी मोकळं टोक शोधून वळसा घाला, मधून जाऊ नका. पंख्यात जाळं अडकलं तर इंजिन आधी बंद, मग वर उचला, आणि उलट दिशेने हाताने फिरवून सोडवा. सुरी शेवटी. ते जाळं कुणाच्या तरी महिन्याच्या कमाईचं असतं. कापावं लागलंच तर मालकाला शोधून भरपाई द्या.

समोरून बोट आली तर आपण उजवीकडे. एक आखूड भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, पाच म्हणजे तुमचं काय चाललंय ते कळत नाही.

धोपावे आणि दाभोळ यांच्यामध्ये गाड्या नेणारी फेरीबोट सतत ये-जा करते. ती पटकन थांबू शकत नाही. तिच्या नाकासमोरून जाऊ नका. थांबा, आणि तिच्या मागून जा. मुक्कामाला दाभोळच्या धक्क्यावर किंवा समोरच्या वेलदूरला मच्छीमारांना विचारून जागा घ्या. धक्क्याला बोट आखूड दोराने करकचून बांधली तर पाणी उतरल्यावर ती दोरावर टांगली जाते. दोर लांब आणि तिरके ठेवा, आणि रात्री एकदा उठून बघा.

रुतलात तर

ओहोटीत रुतलात तर हाताशी एखादं मिनिट असतं. पुढे जोर देऊ नका, त्याने बोट आणखी वर चढते. इंजिन उचला, सगळेजण खोल बाजूला सरका, ज्या बाजूने आलात तिकडे बांबूने ढकला. निघाली नाही तर प्रयत्न सोडा. नांगर खोल पाण्याच्या बाजूला जमेल तितका लांब फेका, दोर ताणून बांधा, आणि पाणी परत येईपर्यंत बोटीतच बसा. गाळात उतरून ढकलायला जाणारा माणूस गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत जातो. भरतीचं पाणी यायला लागलं की दोर ओढत राहा, बोट आपसूक सुटेल. हे घडलं तर त्या दिवशीचं दाभोळ रद्द. अंधारात खाडी उतरायची नाही.

दुसरा दिवस: मुख

आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. लांबून आलेली लाटांची फुगवटी वारा नसतानाही दांड्यावर फुटते, म्हणून नुसता वारा बघून निर्णय घेऊ नका. मग दाभोळच्या किंवा वेलदूरच्या एखाद्या तांडेलदादांना, म्हणजे मच्छीमार बोटीच्या चालकाला, विचारा, सध्या वाट कुठून आहे. शक्य असेल तर पहिल्या वेळी त्यांनाच मानधन देऊन सोबत घ्या. या पूर्ण सफरीत यापेक्षा चांगला खर्च नाही.

सकाळी साडेसहा-पावणेसातला निघून मुखाच्या आत, अंजनवेलच्या गोपाळगडाच्या अलीकडे थांबा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. लाटा कुठे फुटतात, कुठे फुटत नाहीत, मोठ्या लाटा किती वेळाने येतात. मच्छीमारांच्या होड्या कोणत्या रेषेने जातात ते लक्षात ठेवा, पण त्यांच्या बोटीला जमतं ते तुमच्या बोटीला जमेलच असं नाही. मुखाच्या पूर्ण रुंदीत पांढरं असेल किंवा लाट तुमच्या बोटीच्या काठाएवढी दिसत असेल तर मागे फिरा.

जायचं ठरलं तर सगळं सामान बांधा, जॅकेट तपासा, वजन मधोमध खाली ठेवा. मोठ्या लाटांचा झुबका गेला की एकसारख्या, मध्यम गतीने निघा. नाळ लाटेला समोर, फार तर किंचित तिरकी. लाट चढताना जोर, माथ्यावर थोडा कमी, म्हणजे बोट पलीकडे आदळत नाही. दांड्यावर असताना वळायचं नाही. बाहेर जाताना बोये भेटले तर लाल उजव्या हाताला आणि हिरवे डाव्या हाताला, कारण भारतात खुणा समुद्रातून आत येणाऱ्याच्या हिशेबाने मांडतात: आत येताना लाल डावीकडे.

बाहेर पडल्यावर दक्षिणेला टाळकेश्वरचं दीपगृह दिसतं. पहिल्या वेळी समुद्रात अर्धा तास पुरे. पाणी फिरून ओहोटीला जोर चढायच्या आत, म्हणजे आठच्या आसपास, पुन्हा आत या. उशीर झाला तर मुखावर ओहोटी आणि मागून लाट अशा कात्रीत सापडाल, आणि पुढची भरती धरायला थांबलात तर दुपारचा खारा वारा गाठेल.

आत येणं बाहेर जाण्यापेक्षा अवघड आहे. लाट मागून येते, बोटीला पुढे ढकलते आणि शेपूट बाजूला फेकू बघते. बोट आडवी झाली की पुढची लाट तिला उलटवते. म्हणून एका लाटेच्या पाठीवर बसा आणि तिच्याच वेगाने या. तिला ओलांडून पुढे घुसू नका आणि मागच्या लाटेला गाठूही देऊ नका. जबाबदारी बोट हाताळणाऱ्याची आहे, बाकीच्यांनी उभं राहायचं नाही, बोलायचं नाही. एकाने मागे बघून मोठी लाट येते का एवढंच सांगायचं.

गोवळकोटला परतायला भरती दुपारी साधारण दोनपासून मिळते. दाभोळहून अडीचला निघालात तर भरती तुमच्याबरोबर वर चढते. मात्र हिवाळ्यात सहालाच अंधारतं, आणि परतीला चार तास लागतात. म्हणून एकादशीला परतायचा हट्ट करू नका. दुसरी रात्र दाभोळलाच काढा. द्वादशीला ओहोटी सकाळी साडेआठ-नऊपासून दुपारी अडीच-तीनपर्यंत समोरून येते. तिची मधली ओढ टाळून पहाटे, फटफटताच निघालात तर पहिले दोन तास भरती मिळते, वर खाडीत ती आणखी उशिरापर्यंत चालते, आणि शेवटचे थोडे किलोमीटरच ओहोटीविरुद्ध जायचे राहतात. त्यासाठी ते जादा १६ लिटर.

घरी पोचल्यावर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवा. खारं पाणी आत राहिलं तर आतल्या वाटांमध्ये मीठ धरतं आणि पुढच्या सफरीत ती पेन्सिलएवढी धार येत नाही. नांगराची साखळी धुऊन वाळवा, दोर उन्हात नको, सावलीत टांगा.